विश्रामबाग वाडा

पेशवाईच्या इतिहासकारांनीं लढाया, तह आणि दरबार यांचीं वर्णनें विपुल केलीं आहेत. परंतु हा इतिहास ज्या भिंतींच्या आंत घडला, त्या भिंतींकडे त्या मानानें थोडेंच लक्ष गेलें आहे. पेशव्यांचें पुणें हें वाड्यांचें शहर होतें. सरदार मोहिमेवरून परत आला कीं त्यानें पेठेंत वाडा बांधावा, सावकाराची पेढी वाढली कीं त्यानें दुसरा चौक काढावा, आणि मुत्सद्द्यानें आपल्या सदरेवर चार माणसें अधिक बसतील अशी तजवीज करावी, असा तो काळ होता. वाडा हें केवळ राहण्याचें घर नव्हतें. देवडीवर पहारा, पुढच्या चौकांत फडाची कचेरी, मधल्या चौकांत कुटुंबाचा वावर, मागें मुदपाकखाना, गोठा व पागा, अशी एका कुळाची सारी सत्ता तेथें एका छपराखालीं नांदत असे. सत्ता गेली आणि वाड्यांचें प्रयोजनहि गेलें. बहुतेक वाडे जळाले, पडले, अथवा वारसांच्या वांटण्यांत त्यांचे तुकडे झाले. पेशव्यांनीं स्वतः बांधलेल्या पुण्यांतील राजवाड्यांपैकीं आज वापरांत असलेली मोठी वास्तु म्हणजे सदाशिव पेठेंतील विश्रामबाग वाडा होय.

हा वाडा ज्या रस्त्यावर उभा आहे, त्यास थोरल्या बाजीरावाचें नांव आहे. वाडा मात्र दुसऱ्या बाजीरावाचा. नर्मदेपलीकडे मराठी घोडे नेणारा पहिला, आणि नर्मदेपलीकडे स्वतः कैद्यासारखा नेला गेलेला दुसरा, असे आजोबा व नातू एकाच ठिकाणीं समोरासमोर यावे, हा योगायोग खरा. पण या वाड्याचें चरित्र कळण्यास तो उपयोगी आहे.

दुसरा बाजीराव १७९६ च्या डिसेंबरांत मसनदीवर आला. त्याच्या घराण्याचा मुख्य वाडा म्हणजे शनिवारवाडा. त्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला आणि १७३२ च्या जानेवारींत वास्तुशांत झाली. पुढें प्रत्येक पेशव्यानें त्यांत भर घातली. परंतु १७९६ पर्यंत त्या वास्तूवर दुःखाची छाया दाट झाली होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावाचा खून याच वाड्यांत झाला, आणि त्या खुनाचा ठपका बाजीरावाचा बाप रघुनाथराव याच्यावर होता. १७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव याच वाड्याच्या गच्चीवरून खालीं कोसळला आणि थोड्याच दिवसांत वारला. ज्याच्या बापाचें नांव पहिल्या मृत्यूशीं जोडलेलें, आणि ज्याला मसनद मिळाली ती दुसऱ्या मृत्यूमुळें, त्या माणसास त्या घरांत स्वस्थ झोंप कशी लागावी? बाजीरावानें शुक्रवार पेठेंत वाडा बांधला, बुधवार पेठेंत बांधला, आणि सदाशिव पेठेंत हा विश्रामबाग वाडा बांधला. शनिवारवाड्यापासून दूर राहण्याची त्याची ओढ या बांधकामांतून स्पष्ट दिसते.

जागा निवडली ती सेनानी हरिपंत फडके यांच्या बागेची. हरिपंत म्हणजे नाना फडणविसांचा विश्वासू साथीदार, टिपूवरील मोहिमांतला नांवाजलेला सरदार. तो १७९४ सालीं वारला. नाना १८०० सालीं गेला. जुन्या पिढीचीं हीं माणसें गेलीं, आणि त्यांच्यांतील एकाच्या बागेंत धन्यानें विश्रांतीचें घर उभारलें. १८०७ च्या सुमारास काम सुरू झालें आणि त्यास सुमारें दोन लाख रुपये खर्च आला. शनिवारवाड्याच्या मूळ बांधणीस १६,११० रुपये लागले होते, हा आंकडा प्रसिद्ध आहे. मधल्या पाऊणशें वर्षांत भाव वाढले होते आणि शनिवारवाड्यासहि पुढें पुष्कळ भर पडली, हें ध्यानांत ठेवूनहि ही तफावत बोलकी आहे.

त्याहून बोलका आहे तो दोन वास्तूंच्या स्वभावांतला फरक. शनिवारवाडा हा मुळांत किल्ला आहे. त्याला तट आहे, बुरूज आहेत, आणि हत्तीनें धडक देऊं नये म्हणून दिल्ली दरवाज्यावर अणकुचीदार खिळे ठोकले आहेत. विश्रामबागेस तट नाहीं कीं बुरूज नाहीं. त्याचें तोंड सरळ रस्त्याकडे आहे, आणि त्या तोंडावर कोरीव लांकडी सज्जा पुढें आला आहे. ज्या घरांत शत्रु येण्याची भीति असते, तें घर रस्त्याकडे असें मोकळ्या मनानें पाहत नाहीं. मग बाजीरावास भीति नव्हती काय? भीति तर त्याच्या हाडीं खिळली होती. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरानें हडपसरपाशीं पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड केला, तेव्हां तो पुणें सोडून कोंकणांत पळाला होता. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यानें वसईस इंग्रजांशीं तह केला. सहा हजार कवायती पायदळ कायमचें ठेवून घेण्याचें कबूल केलें, आणि त्या फौजेच्या खर्चासाठीं सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. १३ मे १८०३ रोजीं इंग्रजांच्या संगिनींच्या आधारानें तो पुण्यांत परत आला. त्यानंतर त्याच्या घरास तटाची गरज उरली नाहीं. त्याचा तट शहराबाहेर, इंग्रजांच्या छावणींत उभा होता. विश्रामबागेचा तो सुंदर उघडा सज्जा म्हणजे वसईच्या तहाचेंच लांकडांत कोरलेलें रूप होय, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

तरीहि वास्तु सुंदर आहे यांत शंका नाहीं. राजा दुबळा असला म्हणून सुतार दुबळा नसतो. पेशवाईच्या अखेरीस मराठी सुतारकाम केवढ्या परिणतीस पोंचलें होतें, याचा विश्रामबाग हा उत्तम पुरावा आहे. खांब सुरूच्या झाडासारखे, खालीं भरदार व वर निमुळते होत जाणारे. त्यांच्या माथ्यावर केळफुलाच्या आकाराचें कोरीव काम, आणि खांबाखांबांना जोडणाऱ्या महिरपी. दरवाज्यावरील पुढें आलेला सज्जा तर मेघडंबरी या नांवानेंच ओळखला जातो. आंत तीन चौक, आणि माडीवर दरबाराचा दिवाणखाना. बाहेरच्या प्रखर उन्हांतून देवडींत पाऊल टाकावें, तेथल्या सावलींत क्षणभर डोळे निवावे, आणि मग चौकाचा मोकळा प्रकाश समोर यावा, ही ऊन-सावलीची मांडणी सर्वच चांगल्या वाड्यांत आढळते.

ही बांधणी समजून घेणें अवश्य आहे, कारण वाड्यांचें पुढील भवितव्य तिच्यांतच दडलेलें होतें. जोतें काळ्या दगडाचें. त्यावर सागवानी खांब आणि तुळया यांचा सांगाडा. त्या सांगाड्यांत भरलेल्या विटा व वरून चुन्याचा गिलावा. माड्यांचा भार प्रामुख्यानें या लांकडी सांगाड्यावर असे; भिंती पुष्कळशा पडद्यासारख्या. त्यामुळें खिडक्या व गवाक्षें मोठीं ठेवतां येत, चौकाभोंवतीं खुल्या ओसऱ्या काढतां येत, आणि वर एकामागून एक माड्या चढवतां येत. मात्र सांगाडा लांकडाचा, पाट्या लांकडाच्या, जिनेहि लांकडाचे. आणि मधला चौक म्हणजे वारा खेंचून घेणारें धुराडेंच. एकदां ठिणगी पडली कीं सांगाडा जळे व भिंती खालीं येत. राही तें फक्त दगडी जोतें. शुक्रवार वाडा १८२० सालीं जळाला. शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारींत जळाला आणि त्याचे तट, दरवाजे व जोतीं तेवढीं उरलीं. विश्रामबागेवरहि हा प्रसंग आला. तो पुढें येईलच.

या वाड्यांत बाजीरावानें सुमारें दहा-अकरा वर्षें काढलीं. बाहेर राज्याचे सांधे ढिले होत होते. १८११ पासून पुण्याच्या रेसिडेन्सींत माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनसारखा चतुर इंग्रज बसला होता. २० जुलै १८१५ रोजीं गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन याचा पंढरपुरास खून झाला. त्याचा संशय पेशव्याचा लाडका त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला, आणि तेथून सारें प्रकरण उतरणीस लागलें. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. बाजीरावानें ती पर्वतीवरून पाहिली. १६ तारखेस येरवड्याकडे पुन्हां तोंड लागलें, आणि त्या रात्रीं पेशवा पुणें सोडून गेला. १७ नोव्हेंबरास शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. विश्रामबागेच्या धन्यास पुढें विश्राम मिळाला नाहीं. सहासात महिने तो इंग्रजी फौजांपुढें रानोमाळ फिरला, आणि ३ जून १८१८ रोजीं माल्कमच्या स्वाधीन होऊन, वर्षास आठ लाखांचें पेन्शन घेऊन, गंगेकांठीं ब्रह्मावर्तास गेला. तेथेंच जानेवारी १८५१ मध्यें त्याचा अंत झाला.

त्याची पत्नी वाराणशीबाई हिची हकीकत मात्र या वाड्याशीं निगडित आहे. लढाईच्या धामधुमींत तिला रायगडावर ठेवलें होतें. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं गडावर तोफा डागल्या, शिवछत्रपतींचा राजवाडा आगींत भस्म झाला, आणि गड हवालीं करण्यांत आला. जळत्या गडावरून उतरलेल्या या पेशवीणबाईस पुण्यास आणलें, आणि पुढें काहीं काळ ती विश्रामबागेंत राहिली. नवरा परमुलखांत, राज्य बुडालेलें, आणि भोंवतीं तेच कोरीव खांब. या वाड्यांतील पेशव्यांच्या संसाराचा शेवट असा झाला.

येथून विश्रामबागेचें दुसरें आयुष्य सुरू होतें, आणि खरें पाहतां तेंच अधिक महत्त्वाचें आहे.

पेशवे श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत. ही प्रथा मूळ तळेगांवच्या दाभाड्यांची. ती पुढें पेशव्यांनीं आपल्याकडे घेतली. पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत देशोदेशींचे ब्राह्मण जमत, आणि या कामीं दरसाल लाखों रुपये खर्च होत. राज्य घेतल्यावर एल्फिन्स्टनपुढें प्रश्न पडला. दक्षिणा एकदम बंद करावी तर सारा ब्राह्मणवर्ग दुखावतो. चालूं ठेवावी तर खजिना रिता होतो. त्यानें मधला मार्ग काढला. दक्षिणेस पन्नास हजारांची मर्यादा घातली, आणि त्या निधींतून शास्त्रें शिकविण्यासाठीं पाठशाळा काढण्याचें ठरलें. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर त्याच्या जागीं आलेला कमिशनर चॅप्लिन यानें ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं ही पाठशाळा उघडली. जागा दिली ती विश्रामबाग वाड्यांत. व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक, वेदान्त इत्यादि विषय जुन्या पद्धतीनेंच शिकवले जाऊं लागले. विद्यार्थी ब्राह्मणच असत. पेशव्याच्या दिवाणखान्यांत शास्त्रीबोवांचा पाठ सुरू झाला, एवढाच फरक प्रथम दिसला. परंतु दानाचा पैसा विद्येकडे वळला, ही त्यांतली नवी गोष्ट होती.

पुढें एकेक दार उघडत गेलें. १८३७ मध्यें पाठशाळेची पुनर्घटना झाली आणि मेजर थॉमस कँडी याच्याकडे तिची देखरेख आली. मोल्सवर्थचा हा सहकारी. १८४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी-मराठी कोशांत त्याचा मोठा वांटा आहे, आणि मराठी गद्यांत विरामचिन्हें रूढ करण्याचें श्रेयहि त्याला देतात. ज्या शाळेंत मराठीस काडीचें स्थान नव्हतें, तेथें तिचा शिरकाव होऊं लागला. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेंत शिकून पुढें आले. १८४९ सालीं लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख व इतर तरुण सुधारक यांनीं दक्षिणेच्या पैशाचा काहीं भाग चांगल्या मराठी ग्रंथांस द्यावा अशी मागणी केली. जुन्या मंडळींचा संताप एवढा कीं अर्ज घेऊन जाणाऱ्यांस मार बसेल अशी भीति होती. त्या वेळीं जोतीराव फुले आपले लोक घेऊन संरक्षणास उभे राहिले. एका जातीस मिळणाऱ्या दानाचा पैसा सर्वांच्या भाषेस मिळावा कीं नाहीं, हा त्या वादाचा गाभा होता, आणि पुण्याच्या पुढील शंभर वर्षांतील पुष्कळ वादांचें बीज त्यांत आहे.

१८५१ मध्यें संस्कृत पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें, आणि जातीची अट जाऊन तें सर्वांस मोकळें झालें. लगेच पुढच्या वर्षीं, १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं, विश्रामबागेंत एक समारंभ झाला. मुलींसाठीं शाळा काढल्याबद्दल जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे जाहीर सत्कार झाला, आणि मेजर कँडीच्या हस्तें त्यांस महावस्त्रें अर्पण करण्यांत आलीं. मुलींना व शूद्रातिशूद्रांना शिकवतो म्हणून ज्याला बापाचें घर सोडावें लागलें, त्या फुलमाळ्याच्या मुलास पेशव्यांच्या वाड्यांत शालजोडी मिळाली. हा वाडा बांधून तेव्हां पुरीं पन्नास वर्षेंहि झालीं नव्हतीं. एवढ्या अवधींत एका घराच्या उंबरठ्याचा अर्थ इतका बदलल्याचें उदाहरण विरळा.

या कॉलेजावर प्रिन्सिपॉल म्हणून एड्विन आर्नोल्ड हा तरुण इंग्रज कवि आला आणि १८६१ पर्यंत होता. येथेंच त्याला संस्कृताची गोडी लागली. पुढें बुद्धचरित्रावरील ‘लाइट ऑफ एशिया’ हें काव्य लिहून तो जगप्रसिद्ध झाला. १८६४ मध्यें कॉलेजाचें नांव डेक्कन कॉलेज झालें, आणि १८६८ सालीं तें येरवड्याच्या बाजूस बांधलेल्या स्वतंत्र इमारतींत गेलें. डेक्कन कॉलेजाच्या भव्य दगडी इमारतीचा गौरव करतांना त्याचें बालपण सदाशिव पेठेंतील लांकडी खांबांत गेलें, हें विसरलें जातें. कॉलेज गेल्यावर सरकारी हायस्कूल या वाड्यांत नांदूं लागलें.

आणि मग १८७९ साल उजाडलें. दुष्काळानें महाराष्ट्र पिळून निघाला होता. वासुदेव बळवंत फडके यांनीं फेब्रुवारींत बंड उभारलें होतें, आणि सरकार प्रत्येक सावलीकडे संशयानें पाहत होतें. अशांत १३ मे च्या रात्रीं बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांस आगी लागल्या. बुधवार वाड्यांत सरकारी कचेऱ्या होत्या. तो सारा जळून गेला. विश्रामबागेचा रस्त्याकडील पूर्वेचा भाग, म्हणजे त्याचें मुख्य सौंदर्यच, ज्वालांच्या भक्ष्यस्थानीं पडला. पेशवा इंग्रजांच्या आश्रयानें पुण्यांत परतला तोहि १३ मे, आणि त्याचे दोन वाडे जळाले तोहि १३ मे; मध्यें शहात्तर वर्षें गेलीं होतीं.

आगी लावलेल्या होत्या हें उघडकीस आलें, आणि त्यांचा संबंध बंडाशीं जोडण्यांत इंग्रजी वृत्तपत्रांनीं कसूर केली नाहीं. साऱ्या पुण्याच्या सुशिक्षित वर्गावर किटाळ आलें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे त्या वेळीं नाशिकास होते. त्यांचीं मुळें पुण्यांत, आणि लोकांत वजन मोठें. एवढें संशयास पुरे झालें. ऐन उन्हाळ्यांत त्यांची धुळ्यास तांतडीनें बदली झाली, आणि तेथें त्यांचें टपालहि फोडून पाहिलें जाऊं लागलें. पुढें त्यांच्या निष्ठेविषयीं सरकारची खात्री पटली. परंतु एका वाड्याच्या आगीची धग किती दूरवर पोंचूं शकते, याचें हें उदाहरण आहे.

विश्रामबाग मात्र बुधवार वाड्याच्या वाटेनें गेला नाहीं. पुण्याच्या लोकांनीं वर्गणी जमविली, नगरपालिकेनें आपला वांटा दिला, आणि जळालेला भाग पुन्हां उभा करण्यांत आला. ही घटना दिसण्यांत लहान, पण अर्थानें मोठी आहे. पहिल्या वेळीं हा वाडा रयतेच्या वसुलांतून, एका माणसाच्या सुखासाठीं बांधला गेला होता. दुसऱ्या वेळीं तो लोकांनीं स्वखुषीनें, आपल्या मुलांची शाळा व आपल्या शहराची शोभा म्हणून सांवरला. कागदोपत्रीं मालक कोणीहि असो, वाडा शहराचा झाला तो तेव्हांपासून.

पुढें १९३० मध्यें वाडा नगरपालिकेकडे आला, आणि १९५९ पर्यंत शहराचा कारभार येथूनच चालला. मध्यंतरीं, १९५० च्या फेब्रुवारींत नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पाण्याचे नळ, रस्ते, दिवे आणि घरपट्टी यांचे कागद घेऊन साधीं माणसें तेथें जाऊं लागलीं, जेथें एके काळीं पेशव्याच्या भेटीसाठीं सरदारांस तिष्ठत बसावें लागे. महापालिका गेल्यावरहि वाडा ओस पडला नाहीं. तळमजल्यावर टपालकचेरी नांदली, इतर कचेऱ्या आल्या, आणि या शतकाच्या आरंभीं जतनाचें काम हातीं घेऊन पुनवडीपासून पुण्यनगरीपर्यंतचा शहराचा प्रवास दाखविणारें प्रदर्शनहि तेथें मांडण्यांत आलें.

विश्रामबाग जगला याचें कारण काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचें लांकूड शुक्रवार वाड्याहून अधिक टणक नव्हतें, आणि अग्नीनें त्याला वेगळी वागणूक दिली नाहीं. फरक पडला तो उपयोगाचा. शनिवारवाडा जळाला तेव्हां त्याचें मूळ कार्य संपलेलें होतें. पुन्हां बांधावा तर कोणासाठीं, याला उत्तर नव्हतें. विश्रामबाग जळाला तेव्हां दुसऱ्या दिवशीं मुलें कोठें बसवावीं, हा प्रश्न शहरापुढें होता. पेठांतून आज जे थोडे वाडे उरले आहेत, त्यांच्या भवितव्याचा विचार करणाऱ्यांनीं हें ध्यानीं घ्यावें. केवळ जुनेपणावर वास्तु टिकत नाहीं. तिच्या देवडींतून रोज माणसांनीं ये-जा करावी लागते. वाळवी लागलेली तुळई बदलावी, गळकें छप्पर पावसाळ्यापूर्वीं शाकारावें, आणि जिन्याची मोडकी पायरी वेळींच बसवावी, इतकी काळजी घेणारें कोणी तरी आंत असावें लागतें.

दुसऱ्या बाजीरावाच्या हातून मराठी राज्य गेलें, हा दोष इतिहास त्याला कधींच माफ करणार नाहीं. पण त्यानें बांधलेल्या वाड्यांत शास्त्री शिकले, कोशकार राबले, फुल्यांचा सत्कार झाला, डेक्कन कॉलेज वाढलें आणि पुण्याच्या नागरिकांनीं आपला कारभार आपण करण्याचे धडे गिरवले. यांतलें काहींहि बांधणाऱ्याच्या मनांत नव्हतें. त्याला हवी होती ती एक शांत बाग आणि शनिवारवाड्याच्या आठवणींपासून दूर अशी निजण्याची जागा.